टाकी भरली, तरी भट्टी पेटेना!

थंडी पडली म्हणजे आपण काय करतो? एखादी गोधडी जास्त घेतो, फार तर अंगणात शेकोटी पेटवतो आणि सकाळी उन्हात पाठ शेकत बसतो. आपल्याकडची थंडी एवढ्यावर भागते. पण पृथ्वीवर असे कितीतरी प्रदेश आहेत, की जिथे हिवाळ्यात पारा आठवडेच्या आठवडे शून्याच्या खाली असतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले मेन हे राज्य त्यांपैकीच एक. तिथे घर तापवणे ही चैन नव्हे. जेवणाइतकीच ती रोजची गरज आहे.

मोठ्या शहरांत घर तापवण्यासाठी गॅस नळाने येतो. मेनमध्ये वस्ती विरळ, मुलूख जंगलांचा. तिथे गॅसच्या नळ्या सगळीकडे पोचलेल्या नाहीत. म्हणून तिथली जवळजवळ निम्मी घरे तेलावर तापतात. तेल म्हणजे खायचे तेल नव्हे, बरे का! आपल्या डिझेलचा हा सख्खा भाऊ. इतका सख्खा, की दोघांत फरक कळावा म्हणून अमेरिकेत घरगुती तेलात मुद्दाम लाल रंग मिसळतात. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या डिझेलवर जो कर असतो, तो या तेलावर नसतो. तेव्हा कुणी कर चुकवण्यासाठी घरचे तेल गाडीत घातले, तर रंगच चहाडी करतो!

घराच्या तळघरात साधारण 275 गॅलनची, म्हणजे सुमारे 1,040 लिटरची लोखंडी टाकी असते. टँकर येऊन ती भरून जातो. टाकीतून एक बारीक तांब्याची नळी निघते, गाळणीतून जाते आणि भट्टीला जोडलेल्या बर्नरपर्यंत पोचते. बर्नर पेटला की बॉयलरमधले पाणी तापते आणि ते खोल्याखोल्यांतून फिरवून घर ऊबदार ठेवतात. एक लिटर तेलात उष्णता तरी किती असते? सगळीच्या सगळी वापरता आली, तर 100 लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल एवढी!

आता अशी कल्पना करा, की तुमची मावशी तिथे राहते. जानेवारीचा महिना आहे. बर्फाच्या वादळामुळे टँकर यायला दोन दिवस उशीर झाला आणि मध्यरात्री टाकी कोरडी पडली. भट्टी विझली. सकाळी टँकर आला, टाकी भरली, टाकीवरचा काटा वर चढला. मावशीने हुश्श केले आणि भट्टीचे बटण दाबले. मोटर घूंऽऽ करून फिरू लागली, ठिणगीचा तडतड आवाजही आला, पण ज्योत काही पेटेना. थोड्या वेळाने ‘खट्’ असा आवाज होऊन सगळे थंड. पुन्हा बटण दाबले, पुन्हा तेच.

टाकीत तेल आहे, वीज आहे, मोटर फिरते आहे, ठिणगी पडते आहे. मग अडले कुठे?

अडले आहे ते हवेच्या एका बुडबुड्यापाशी. बाकी बहुधा काहीही मोडलेले नाही. हा एवढासा बुडबुडा एवढ्या मोठ्या यंत्राला कसा रोखतो, ते समजण्यासाठी आपण बर्नरच्या आत डोकावून पाहू.

तेल पेटते तरी कसे?

डिझेल किंवा हे घरगुती तेल पेट्रोलसारखे भडकू नसते. घरगुती तेल सुमारे 38 अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याजोगी वाफच जमत नाही. (हे पडताळून पाहायला मात्र जाऊ नका! तेल आधीच तापलेले असले किंवा कापडात भिजलेले असले, तर ते झटकन पेटते.) मग भट्टीत ते क्षणात कसे पेटते? तर त्याचे अतिशय बारीक तुषार करून.

समजा, तेलाचा एक थेंब 4 मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचे आपण 0.04 मिलिमीटर व्यासाचे तुषार केले. व्यास शंभरावा भाग झाला, म्हणून एका थेंबाचे तुषार होतील 100 × 100 × 100, म्हणजे 10 लाख! आणि सगळ्यांचे मिळून पृष्ठफळ मूळच्या थेंबाच्या शंभर पट होईल. तेल हवेला भेटते ते पृष्ठभागावरच. तेव्हा पृष्ठभाग शंभर पट झाला की वाफ होणेही तितकेच सोपे झाले. लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही, पण त्याच ओंडक्याच्या बारीक ढलप्या भुर्रकन पेटतात, तशातलाच हा प्रकार.

हे तुषार करण्याचे काम नोझल करते. नोझल म्हणजे पितळेची किंवा पोलादाची अंगठ्याच्या पेराएवढी तोटी. तिचे भोक सुईच्या टोकाएवढे. या भोकातून तेल फवारायचे तर ते जोराने ढकलायला हवे. जुन्या बर्नरमध्ये यासाठी वातावरणाच्या सातपट दाब देत, आता त्याहून जास्त देतात. एस.टी.च्या चाकात हवा भरतात तिचा दाब साधारण सातपटच असतो. हा दाब निर्माण करतो बर्नरवरचा छोटासा पंप. दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून मिनिटाला सुमारे 3,450 फेरे घेतात. त्यांच्या दातांमधल्या खाचांतून तेल पुढे ढकलले जाते. तुषारांच्या तोंडाशी 10,000 व्होल्टची ठिणगी पडते, पंखा हवा पुरवतो आणि ज्योत भडकते.

या पंपाला दोन कामे करावी लागतात. एका बाजूने टाकीतले तेल ओढायचे आणि दुसऱ्या बाजूने ते दाबून नोझलकडे धाडायचे. दोन्ही कामे तो उत्तम करतो, पण एका अटीवर. त्याच्या पोटात तेलच असले पाहिजे, हवा नव्हे.

हापसा आणि पिचकारी

जुन्या परसातला, उथळ पाण्यावरचा हापसा तुम्ही पाहिला असेल. बरेच दिवस न वापरलेला हापसा कितीही हापसला, तरी नुसता खडखडतो. मग आजी त्याच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतते आणि तोच हापसा चार झटक्यांत धो धो पाणी देऊ लागतो. आजीने केले काय? हापशाच्या आतल्या चामड्याच्या वायसरच्या कडेने हवा निसटत होती. वायसर ओला झाला, फट पाण्याने भरली आणि निसटायची वाट बंद झाली.

दातेरी पंपातही अगदी हेच घडते. चाके आणि त्यांचे घर यांच्यात केसाहून बारीक फट असते. ती ठेवावीच लागते, नाहीतर चाके घासून अडकतील. पंपात तेल असते तेव्हा या फटीतून थोडेच तेल मागे निसटते, कारण तेल दाट. हवा मात्र तेलापेक्षा सुमारे 200 पट पातळ! इथे पातळ म्हणजे वजनाने हलकी असे नव्हे, तर वाहायला सोपी. शास्त्रज्ञ याला श्यानता कमी असणे म्हणतात. पुढे ढकललेली हवा त्याच फटीतून सुळकन मागे येते. पंप फिरतो आहे, पण दाब चढत नाही.

हवेचा दुसरा दुर्गुण पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. औषधांच्या दुकानातून 5 मिलिलिटरची नवी पिचकारी सुईशिवाय आणा. तिच्यात 4 मिलिलिटर पाणी भरा आणि टोक वर धरून सगळी हवा काढून टाका. आता टोकावर बोट घट्ट दाबून दट्ट्या ढकला. जणू दगडच दाबतो आहोत, असे वाटेल. मग पाणी काढून 4 मिलिलिटर हवा घ्या आणि पुन्हा टोक बंद करून ढकला. या वेळी दट्ट्या सहज निम्म्यापर्यंत आत जाईल आणि सोडताच उसळून परत येईल. आता गंमत पुढेच आहे. पिचकारीत 3 मिलिलिटर पाणी आणि 1 मिलिलिटर हवा घ्या. पाणी बक्कळ, हवा थोडी. तरीही दट्ट्या आत जातोच! पाण्याचा एक थेंबही दबलेला नसतो. दबते ती फक्त हवा.

रॉबर्ट बॉईल यांनी 1662 साली जो नियम प्रसिद्ध केला, तो हाच. तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला, तर त्याचे आकारमान निम्मे होते. मावशीच्या पंपाला नोझलपाशी सातपट दाब निर्माण करायचा आहे. वाटेत बुडबुडा असला, तर आधी तो चेपून चेपून मूळच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा करावा लागेल. पंपाची मेहनत त्या स्प्रिंगसारख्या हवेतच जिरते.

एवढेही पुरेसे नाही म्हणून की काय, पंप आणि नोझल यांच्यामध्ये एक झडप असते. पुरेसा दाब चढल्याखेरीज ती उघडतच नाही. ही झडप शहाण्या माणसाने बसवलेली आहे. ती नसती, तर पंप सुरू होताना आणि थांबताना कमी दाबाचे तेल नोझलमधून टपटप गळले असते आणि भट्टीत काजळीचे थर चढले असते. पण आता पाहा कसा पेच पडतो तो. हवेमुळे दाब चढत नाही, दाब चढत नाही म्हणून झडप उघडत नाही आणि झडप उघडत नाही म्हणून हवेला बाहेर जायला वाट नाही! टाकीत हजार लिटर तेल ओतले तरी हा पेच आपोआप सुटत नाही.

काही घरांत मात्र तो सुटतो. तिथे टाकीपासून बर्नरपर्यंत एकाऐवजी दोन नळ्या असतात. एकीतून तेल येते आणि पंपाने ओढलेले जादा तेल दुसरीतून टाकीत परत जाते. हवाही त्याच वाटेने निघून जाते. अशी व्यवस्था असेल, तर टाकी भरल्यावर भट्टी थोडी कुरकुरून पेटते. मावशीकडे, बहुतेक घरांप्रमाणे, एकच नळी आहे असे समजू.

हवा काढायची कशी?

वाट नसेल तर करून द्यायची. पंपाच्या अंगावर एक लहान पोकळ स्क्रू बसवलेला असतो. तो झडपेच्या अलीकडे असल्यामुळे तो सैल केला, की पंपातल्या हवेला नोझलला वळसा घालून बाहेर पडता येते.

जाणकार माणूस हे काम असे करतो. आधी तळघराच्या जिन्याजवळचे लाल बटण बंद करून वीज तोडतो. मग टाकी भरल्यावर लगेच घाई न करता थोडा वेळ थांबतो. हे थांबणे महत्त्वाचे आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी गाळ साचलेला असतो. हवेतला दमटपणा थंड लोखंडावर जमून थोडे पाणीही तळाला गेलेले असते, कारण पाणी तेलापेक्षा जड. टाकी कोरडी पडते तेव्हा शेवटच्या घोटांबरोबर हा गाळ नळीत खेचला जातो आणि वरून नवे तेल पडले की उरलासुरला ढवळून निघतो. तो पुन्हा खाली बसू द्यायचा. गाळणी तुंबलेली दिसली तर तीही बदलायची, नाहीतर हवा काढूनही तेल येणार नाही आणि दोष भलत्यालाच दिला जाईल.

नंतर त्या स्क्रूवर पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक नळी चढवून तिचे दुसरे टोक बरणीत सोडतात. स्क्रू थोडा सैल करतात, वीज सुरू करतात आणि बटण एकदा दाबतात. पंप फिरू लागतो. पहिल्यांदा नळीतून नुसती फुस्स हवा येते. मग थुंकल्यासारखे तेल, हवा, तेल, हवा. मग साबणाच्या फेसासारखा लालसर फेस. आणि मग एकाएकी फेस नाहीसा होऊन तेलाची अखंड, नितळ धार लागते. हाच तो क्षण! पंप फिरता ठेवूनच स्क्रू आवळायचा. पंप थांबल्यावर आवळला, तर हवा परत आत शिरायला तेवढी फट पुरते. स्क्रू बंद होताच तेलाला दुसरी वाट उरत नाही, दाब चढतो, झडप उघडते आणि भट्टीत ‘भक्’ असा ओळखीचा आवाज होतो.

हे वाचायला सोपे आहे, पण करायला हात सरावलेला लागतो. ज्याने आधी कुणाला करताना पाहिलेले नाही, त्याने दुरुस्ती करणाऱ्या माणसालाच बोलवावे हे बरे. त्याचे कारण दडले आहे त्या ‘खट्’ आवाजात.

‘खट्’ म्हणजे काय?

बर्नरला एक डोळा असतो, हे सांगितले तर खरे वाटेल? कॅडमियम सल्फाइड नावाच्या पदार्थाची ही नखाएवढी चकती. अंधारात ती वीज जवळजवळ वाहू देत नाही. उजेड पडला, की तिचा विद्युतरोध एकदम घसरतो. ती ज्योतीकडे तोंड करून बसवलेली असते. बर्नर सुरू झाल्यावर ठराविक वेळात, जुन्या यंत्रांत 45 सेकंदांत आणि नव्यांत 15 सेकंदांत, तिला उजेड दिसला नाही, तर नियंत्रक सगळे बंद करतो. तोच तो ‘खट्’. आता माणसाने येऊन हाताने लाल कळ दाबल्याशिवाय यंत्र पुन्हा प्रयत्न करत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा हट्ट कशाला? दर पाच मिनिटांनी त्याने आपले आपणच का पाहू नये? हिशेब करून पाहू. लहान घराचे नोझल तासाला साधारण 2.8 लिटर तेल फवारते. म्हणजे 45 सेकंदांत सुमारे 35 मिलिलिटर, अर्धा छोटा कप. समजा, दोष हवेचा नसून ठिणगीचा आहे. पंप तेल फवारतो आहे, पण ते पेटत नाही. माणूस वैतागून दहा वेळा कळ दाबतो. भट्टीच्या तळाशी आता पावशेराहून अधिक न जळलेले तेल साचले. भिंती अजून कोमट असतील, तर त्याची वाफही होत राहणार. अकराव्या वेळी ठिणगी पडली तर? दहा वेळचे तेल एकदम पेट घेते! धुराड्याचे नळ निखळतात, भट्टीचे दार उडते, घरभर काजळी आणि विषारी धूर पसरतो.

कळ दाबणाऱ्याला हवेचा दोष आणि ठिणगीचा दोष बाहेरून ओळखता येत नाहीत. दोन्हींत दिसते एकच: मोटर फिरते आणि ज्योत नाही. शिवाय हवाही कधी पूर्ण अडवते, कधी मधूनच थोडे तेल जाऊ देते. म्हणून तेलाच्या भट्टीजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट पाठ करावी, की कळ एकदा दाबायची, फार तर दोनदा. त्यानंतर हात मागे. नव्या नियंत्रकांपैकी अनेक तर तीन अपयशांनंतर साध्या दाबण्याला दादच देत नाहीत. मला हा अविश्वास फार आवडतो. थंडीने काकडलेला माणूस रात्री दोन वाजता काय करील, हे ते यंत्र बनवणाऱ्याने नीट ओळखले होते.

पण म्हणून आरामात बसूनही चालत नाही. घर गारठत जाते तसे नळातले पाणी गोठू लागते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते आणि तांब्याचा नळही फोडते. बर्फ आहे तोवर कळत नाही. घर पुन्हा तापले, की भिंतीतून पाणी वाहू लागते! म्हणून टँकर येईपर्यंत लोक तात्पुरता उपाय करतात. पेट्रोल पंपावरून वीसएक लिटर डिझेल कॅनमधून आणून टाकीत ओततात. सख्ख्या भावाचे नाते इथे कामाला येते. पेट्रोल मात्र चुकूनही ओतायचे नाही. ते या भट्टीत म्हणजे स्फोटकच.

गळती, पण थेंब नाही

हवा काढली, भट्टी पेटली आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे सुरू झाले, तर? तेव्हा समजावे, की हवा कुठून तरी रोज शिरते आहे. माणूस मग जमिनीवर तेलाचे डाग शोधू लागतो आणि डाग काही सापडत नाही.

उसाचा रस प्यायची नळी घ्या. तिला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा आणि रस ओढा. भोकातून रस बाहेर सांडतो का? नाही. उलट बाहेरची हवा आत येते आणि तोंडात फेस येतो. नळीत ओढ असते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. म्हणून भोक असले, तरी तेल बाहेर न येता हवाच आत जाते. टाकी बर्नरच्या खालच्या पातळीवर असली, म्हणजे पंपाला तेल ओढून घ्यावे लागते. अशा ठिकाणी एखादा सैल जोड थेंबही न गाळता रोज पंपाला हवा पाजत राहतो.

विहिरीवरचे इंजिन

आता मेनच्या बर्फातून आपल्या शिवारात या. इथे घर तापवायची भट्टी नाही, पण तिचे भावंड आहे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली स्थापन झाली. पुढे अशा कारखान्यांतली डिझेल इंजिने गावोगावच्या विहिरींवर धडधडू लागली. वीज पोचल्यावर त्यांची संख्या घटली, तरी वीज नसेल तिथे ती आजही दिसतात. अशा इंजिनातले डिझेल संपले, की नुसते डिझेल ओतून ते सुरू होत नाही. कितीही हँडल मारा. शेतकरी म्हणतो, “इंजिनानं एअर धरली.” अगदी बरोबर निदान!

इथे तर बुडबुड्याची दादागिरी आणखी मोठी. कशी ते पाहा. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण 1.2 लिटर डिझेल पिते. ते मिनिटाला 1,500 फेरे घेते आणि दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल फवारते, म्हणजे तासाला 45,000 वेळा. भागाकार केला तर एका वेळचे डिझेल येते सुमारे 27 घन मिलिमीटर. ज्वारीचा एक दाणा! आणि हा दाणाभर घास सिलिंडरमध्ये फवारायला दाब लागतो साधारण 200 पट वातावरणाचा. त्याशिवाय इंजेक्टर तोंडच उघडत नाही. पंपाचा दट्ट्या एका खेपेला जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे डिझेल ढकलतो आणि नळीत हवेचा बुडबुडाही तेवढाच असला, तर दट्ट्याची पूर्ण खेप त्या बुडबुड्याला चेपण्यातच संपते. इंजेक्टरपर्यंत दाब पोचतच नाही. दट्ट्या मागे आला की बुडबुडा फुगून पुन्हा होता तसा. तासभर हँडल मारले, तरी तो तिथेच ऐटीत बसून राहील.

उपाय तोच. आधी गाळणीवरचा स्क्रू सैल करून फेस जाऊ द्यायचा, मग पंपावरचा, आणि शेवटी इंजेक्टरच्या नळीचे नट थोडे सैल करून हँडल फिरवायचे. टाकीकडून इंजेक्टरकडे या क्रमानेच जायचे. उलट गेले, तर काढलेल्या जागी मागची हवा येऊन बसते. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. चालू इंजेक्टरच्या तुषारांसमोर हात कधीही धरायचा नाही. 200 पट दाबाचा तो फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आत शिरलेल्या डिझेलमुळे हात गमवायची पाळी येऊ शकते. असे झाल्यास दुखत नसले, तरी तडक इस्पितळ गाठावे लागते.

मग पेट्रोलच्या मोटारसायकलीला हा त्रास का होत नाही? जुन्या मोटारसायकलीत कार्ब्युरेटर असे. त्यात पेट्रोल आधी एका छोट्या वाटीत पडते आणि ती वाटी बाहेरच्या हवेला खुली असते. नळीतली हवा वाटीत आली की निघून जाते. दाबाचे कामच नाही, मग बुडबुड्याचे काय चालणार! पेट्रोल ओतून चार किका मारल्या, की गाडी सुरू. आपल्या देशात 2020 पासून कडक प्रदूषण-नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. त्यांत पंप सहसा टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेला असतो. त्यामुळे त्याला पेट्रोल ओढावे लागत नाही, नुसते ढकलावे लागते.

जाता जाता एक निरीक्षण तुमच्यावर सोपवतो. एखाद्या विहिरीवर किंवा गिरणीत लहान डिझेल इंजिन दिसले, तर ते बंद असताना, मालकाला विचारून, त्याची टाकी कुठे बसवली आहे ते पाहा. बहुधा ती पंपापेक्षा उंचावर असेल. डिझेलची नळी पेन्सिलीने कागदावर टाकीपासून इंजेक्टरपर्यंत काढा आणि हवेचा बुडबुडा तिच्यात कुठे कुठे अडकून बसू शकेल, त्या जागी खुणा करा. मग हवा काढायचे स्क्रू नेमके कुठे आहेत, ते मालकाकडून समजून घ्या आणि तुमच्या खुणांशी ताडून पाहा.